टोकन घ्या, बाकावर बसा

पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलं, की चेक देऊन पितळी टोकन मिळायचं. ते मुठीत धरून बाकावर बसायचं आणि रोखपालाने नंबर पुकारला की उठायचं. तोवर खिडकीला नाक लावून कोणी उभं राहत नसे. जगभरचे संशोधक वापरतात ते ज्युपिटर नोटबुक नेमकं असंच चालतं.

वरवर पाहता ते एक साधं पान. चौकटीत दोन ओळी लिहायच्या, शिफ्ट-एंटर दाबायचं, खाली उत्तर किंवा आलेख उमटतो. पण या पानात दोन भाषा नांदतात. पान असतं ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरची मायबोली जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा चालता केला. आकडेमोड करणारा ‘कर्नल’ मात्र बहुतेकदा बोलतो पायथन, गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेली भाषा. तो कर्नल कधी त्याच संगणकावर असतो, कधी हजारो किलोमीटरवरच्या. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयपायथन’ या प्रकल्पातून २०११ मध्ये ही वही जन्मली. ज्युलिया, पायथन आणि आर या भाषांची नावं गुंफलेलं ‘ज्युपिटर’ हे नाव २०१४ चं.

जावास्क्रिप्ट आणि पायथन या दोघींना एकमेकींची भाषा शिकवायच्या फंदात कोणी पडलं नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्याऐवजी पत्रव्यवहार ठरला. तुम्ही कळ दाबलीत, की जावास्क्रिप्ट तुमच्या ओळी जेसन नावाच्या साध्या मजकुरी साच्यात घालते, पत्रावर एक क्रमांक टाकते आणि ते पाठवून मोकळी होते. वाट पाहत थांबणं तिला परवडणारं नाही. टिचक्या टिपणं, चित्र रंगवणं हे सगळं एकाच धाग्यावर चालतं. तो अडला की पान गोठलं. म्हणून चौकटीशेजारी फक्त एक तारका दिसत राहते. काम चालू आहे, एवढाच तिचा अर्थ.

मग कर्नलची उत्तरं सुरू होतात. आधी ‘कामात आहे’, मग छापलेल्या ओळी, एखादा आलेख, शेवटी ‘रिकामा झालो’. बँकेत एका टोकनावर एकदाच पैसे मिळत. इथे एकाच टोकनावर दहादा पुकारा होतो. प्रत्येक उत्तरावर मूळ पत्राचा क्रमांक असतो, त्यामुळे कुठलं उत्तर कुठल्या चौकटीखाली चिकटवायचं हे जावास्क्रिप्टला अचूक कळतं. ‘थांब’ या हुकमाला मात्र वेगळी वाट ठेवली आहे. तो रांगेत उभा राहिला असता, तर न संपणाऱ्या हिशेबामागे कायमचा अडकला असता.

लायगो वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर केला, तेव्हा विदेसोबत अशी वहीही खुली केली. घरबसल्या कोणीही तो हिशेब पुन्हा करून पाहू शकत होता. हिंगोली जिल्ह्यात उभी राहणारी वेधशाळा याच लायगोच्या कुळातली.

दोन भाषांमधल्या या पत्रव्यवहारात सामान हरवतं ते मात्र सीमेवर. मोजमाप नसलेल्या जागी पायथन जेसनमध्ये ‘नॅन’ असा शब्द बिनदिक्कत लिहितो. जावास्क्रिप्टचा वाचक तो दिसताच अख्खं पत्र नाकारतो. आकड्यांचं तर त्याहून वाईट, कारण तिथे तक्रारसुद्धा होत नाही. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे लांब असू शकतात. जावास्क्रिप्टचा नेहमीचा अंक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा. याच आकड्याच्या शेवटी ९९१ ऐवजी ९९३ घालून पाठवा, पलीकडे ९९२ पोहोचतो. ट्विटरला २०१० मध्ये आपले ट्विट-क्रमांक याच कारणासाठी अंकांसोबत मजकूर म्हणूनही द्यावे लागले. तुमच्या कामात लांबलचक ओळखक्रमांक असतील, तर ते पलीकडे पाठवताना अवतरणचिन्हांत घाला.