घरातील यंत्रांचे दप्तर

पिंपरीच्या माळावर १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात आकुर्डी, भोसरी, चिंचवड, तळवडे व पुढे चाकण, निघोजे, महाळुंगे येथवर कारखान्यांची जी रांग उभी राहिली, तिने या भूभागाला पैसा आणि वस्ती दिली हे सर्वमान्यच आहे. परंतु यंत्राकडे पाहण्याची जी एक शिस्तबद्ध दृष्टी तिने येथील लक्षावधी स्त्रीपुरुषांच्या अंगी बाणविली, तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. सुव्यवस्थित कारखान्यात यंत्र बंद पडले म्हणजे प्रथम त्याचे 'हिस्ट्री कार्ड' काढले जाते, मागील दुरुस्त्यांच्या तारखा व बदललेले भाग तपासले जातात, बिघाडाचे कारण सापडेपर्यंत 'का' हा प्रश्न पुन:पुन्हा विचारला जातो, आणि मुख्य कळ बंद करून तिच्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकविल्यावाचून कोणीही हात आत घालीत नाही. जपानात निप्पॉनडेन्सो या कारखान्यात १९७१ च्या सुमारास आकाराला आलेली 'टीपीएम' ही पद्धती, जिच्यात यंत्र चालविणारा कामगारच त्याची रोजची निगा राखतो, ती आज चाकणच्या साध्या पुरवठादाराच्या कारखान्यातही भिंतीवरील तक्त्यांच्या रूपाने आढळते.

हीच माणसे पाळी संपवून मोशी, चिखली, रावेत, काळेवाडी येथील आपापल्या घरी परततात, तेव्हा मात्र या विद्येचा बराच भाग फाटकापाशी मागे राहतो. याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कारण सणासुदीच्या सवलती, मासिक हप्त्यांची सुलभ सोय आणि भरवशाचा कारागीर वेळेवर मिळेल की नाही ही अनिश्चिती, या तिहींचा दाब इतका विलक्षण असतो की बंद पडलेले यंत्र हे जणू निकालात निघालेले प्रकरण आहे, असे मानून कुटुंब थेट दुकानाची वाट धरते. माझे सांगणे एवढेच आहे की नवे घ्यावे की जुने नीट करावे हा निर्णय निदानानंतर घ्यावयाचा असतो, आणि हे निदान, निदान त्याची पहिली पायरी तरी, घरच्या माणसाच्या आवाक्यात असते.

छताच्या पंख्याचाच दाखला घेऊ. पूर्ण वेगावर ठेवूनही पंखा संथ फिरत असेल, किंवा नुसता गुणगुणत राहून हाताने ढकलल्यावरच चालू होत असेल, तर त्याचे कारण बहुधा मोटारीत नसून वरच्या वाटीत बसविलेल्या कॅपॅसिटरमध्ये, ज्याला आपले इलेक्ट्रिशियन 'कंडेन्सर' म्हणतात त्या लहानशा डबीत असते. तिची क्षमता साधारणतः अडीच मायक्रोफॅरड असते, ती काळाने घटते, आणि जुन्या डबीवर छापलेल्या आकड्याचीच नवी डबी बसविली की पंखा पूर्ववत होतो. या भागाची किंमत नव्या पंख्याच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असते. उलट पंखा फक्त पाचाच्या आकड्यावर फिरत असून खालच्या आकड्यांवर थांबत असेल, तर दोष रेग्युलेटरचा समजावा. मात्र येथे कारखान्यातील पाटीची आठवण ठेवणे अत्यावश्यक आहे: भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नसून त्या खोलीचा एमसीबी खाली करावा, घरातील सर्वांना तसे बजावून ठेवावे, टेस्टरने खातरजमा करावी, आणि वीज बंद केल्यानंतरही कंडेन्सरमध्ये काही काळ भार शिल्लक राहू शकतो हे लक्षात ठेवून त्याच्या तारांच्या उघड्या टोकांना बोट लावू नये.

आता पंख्याची गुंडाळीच जळाली असेल, तर विचाराची दिशा बदलावी लागते. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर ब्रशविरहित मोटारीचा, म्हणजे बाजारात 'बीएलडीसी' या नावाने मिळणारा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो; दिवसाकाठी दहा तास पंखा चालला तर वर्षाला सुमारे १६० युनिटांची बचत होते. महावितरणच्या देयकात वापर जसजसा वाढतो तसतसा वरच्या टप्प्याचा दर चढत जातो, त्यामुळे वाचलेले युनिट हे नेहमी आपल्या सर्वांत महाग टप्प्यातले असते, ही गोष्ट हिशेब करताना पुष्कळजण विसरतात. या जातीचे पंखे रुळविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या अ‍ॅटमबर्ग कंपनीचा एक कारखाना चाकणलाच आहे. तरीही चालता पंखा केवळ बचतीच्या लोभाने उतरवावा असे मी म्हणणार नाही, कारण या पंख्यांचे नियंत्रण एका इलेक्ट्रॉनिक कार्डावर अवलंबून असते व ते बिघडल्यास कोपऱ्यावरच्या कारागिराला ते बहुधा दुरुस्त करता येत नाही. म्हणून येथे हमीची मुदत किती व ती कार्डालाही लागू आहे काय, हा तपशील किमतीहून अधिक महत्त्वाचा आहे.

परंतु पिंपरी-चिंचवड शहरातील घरगुती यंत्रांचा खरा प्रश्न पाण्याशी निगडित आहे. पवनेचे पाणी रावेत येथे उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रातून, आणि आंद्रा धरणाचे पाणी निघोजे येथे इंद्रायणीतून उचलून चिखलीच्या केंद्रातून शहराला मिळते. तथापि वस्तीच्या वाढीमुळे नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठ्याची जी पद्धत सुरू केली, तिने प्रत्येक घराला साठवणुकीच्या टाक्या, पंप आणि उन्हाळ्यात टँकर यांच्या आश्रयाला नेले. अशा शहरात गळका नळ ही किरकोळ बाब राहत नाही, कारण सेकंदाला एक थेंब म्हटले तरी दिवसभरात ८६,४०० थेंब, म्हणजे जवळजवळ एक कळशी पाणी निघून जाते. जुन्या पद्धतीच्या नळात बहुधा वायसर झिजलेला असतो. तो बदलण्यास पाण्याचा मुख्य कॉक बंद करणे, पान्ह्याने वरचा भाग उकलणे, आणि त्याच मापाचा वायसर घालून टेफ्लॉनच्या पट्टीने आटे नीट गुंडाळणे एवढेच करावे लागते. टाकी भरूनही पाणी वाहत राहिले तर बॉल कॉकच्या तोंडाशी बसलेला गाळ प्रथम काढावा; दिवसाआड येणाऱ्या पाण्याबरोबर, रिकाम्या झालेल्या नळ्या पुन्हा भरताना, हा गाळ हटकून येतो. तोच गाळ कपडे धुण्याच्या यंत्राच्या मागे, पाणी आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावरील बारीक जाळीत अडकतो, आणि यंत्र पाणी घेईनासे झाले अशी तक्रार सुरू होते. ती जाळी पक्कडीने हलकेच ओढून जुन्या दातघासणीने स्वच्छ केली की अनेकदा ती तक्रार मिटते.

नवे धुलाईयंत्र घेताना तर पाण्याचाच विचार प्रथम करावा. समोरून उघडणाऱ्या यंत्रांच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब छापलेला असतो, तो ०.३ बार असेल, तर टाकीचा तळ यंत्राच्या नळापासून सुमारे ३ मीटर उंच असावा लागतो, आणि गच्चीवरच्या टाकीच्या अगदी खाली असलेल्या वरच्या मजल्यावर ही उंची पुष्कळदा मिळत नाही. भोसरी-दिघीकडील बैठ्या घरांत, जेथे पाणी पिंपात साठविलेले असते, तेथे बादलीने पाणी ओतता येणारे सेमी-ऑटोमॅटिक यंत्र हेच योग्य. दुकानातला विक्रेता त्याला जुनाट म्हणेल, पण गृहिणीने त्या मताला मान देण्याचे कारण नाही.

पाण्याचा दुसरा गुण म्हणजे जडपणा. धरणाचे पाणी बहुशः मृदू असते, परंतु दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात, आणि नव्या वसाहतींत टँकरने येणारे पाणी बहुधा याच जातीचे असते. गिझरच्या कॉइलवर हे क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात, कॉइलची उष्णता पाण्यात उतरेनाशी होते व शेवटी ती जळते. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी गिझर उघडून तो थर काढवावा, आणि टाकीला गंजापासून वाचविण्यासाठी स्वतः झिजणारी जी मॅग्नेशियमची कांडी आत असते, तीही झिजली असल्यास बदलून घ्यावी. ही कांडी असते हेच पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते, आणि टाकी गळू लागल्यावर गिझर भंगारात जातो.

पिण्याच्या पाण्याच्या यंत्राविषयी मात्र मला अधिक आग्रहाने लिहावेसे वाटते. भारतीय मानकाप्रमाणे पाण्यात विरघळलेल्या एकूण द्रव्यांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि त्याहून कमी प्रमाण असलेल्या ठिकाणी आरओ यंत्राच्या वापराला बंदी असावी असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये दिला होता; कारण एक लिटर पाणी शुद्ध करताना हे यंत्र दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते. जेथे दिवसाआड पाणी येते तेथे असे यंत्र गरज नसताना चालविणे हे केवळ स्वतःचे नुकसान राहत नाही. महापालिकेच्या पाण्याला चांगली गाळणी आणि अतिनील किरणांचे यंत्र बहुधा पुरते. तळहाताएवढ्या मापकाने प्रथम आकडा पाहावा, टँकरच्या दिवसांत पुन्हा पाहावा, आणि मगच यंत्र निवडावे; मात्र हा आकडा क्षारांचा असून जंतूंविषयी तो काहीही सांगत नाही, हे ध्यानी असू द्यावे.

स्वयंपाकघरातील मिक्सरचा इतिहास या विषयाला विशेष अनुरूप आहे. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणाचा भार न सोसून जळाला, तो नीट होण्याची सोय लागेना, आणि त्यातून माथुरांनी अधिक बळकट मोटार रचण्याचा जो खटाटोप केला, त्यातून 'सुमीत' जन्माला येऊन पुढे मराठी घराघरांत पोचला. आजही मिक्सर अकस्मात थांबला तर प्रथम त्याच्या तळाशी असलेले लहान लाल बटण दाबून पाहावे, कारण भार अधिक झाल्यास तेच सुटते. भांडे फिरत नाही पण मोटारीचा आवाज येतो, तेव्हा रबरी कपलर झिजलेला असतो. मोटारीतून ठिणग्या दिसू लागल्या, तर कार्बन ब्रश संपत आलेले असतात. हे भाग पिंपरी कॅम्पात किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळतात, मात्र जुना भाग नमुना म्हणून बरोबर न्यावा.

शीतकपाटाच्या बाबतीत 'गॅस संपला' हे निदान इतके प्रचलित आहे की त्याविषयी थांबून विचार केला पाहिजे. त्यातील वायू बंद नळ्यांत फिरत असतो, वापराने तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता वायू भरणे म्हणजे काही महिन्यांनी तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय. त्याआधी दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद सहज निसटला तर थंडावा तेथूनच निसटत आहे. थर्मोस्टॅट, रिले, दाराचे रबर, बर्फ वितळविणारा हीटर, हे भाग बदलावेत व कपाट खुशाल चालवावे. परंतु गळती भिंतीच्या आतल्या फोममध्ये गाडलेल्या नळीत असेल, किंवा दहा-बारा वर्षांच्या कपाटाचा कॉम्प्रेसर गेला असेल, तर नव्याचा विचार रास्त ठरतो. नव्या कपाटांत बहुधा 'आर-६००ए' हा ज्वालाग्राही वायू असतो. त्याच्या नळ्यांना झाळ देण्याचे काम प्रशिक्षित माणसाखेरीज कोणाच्याही हाती देऊ नये. खरेदीच्या वेळी २००६ पासून सुरू झालेल्या ऊर्जा-लेबलावरील तारे मोजून थांबू नये. त्यावर छापलेले वर्ष आणि वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा, कारण कसोट्या मधूनमधून कडक होत असल्याने जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नव्या वर्षाचे पाच तारे यांची योग्यता एक नसते.

काही कामे, उदाहरणार्थ गिझरची वीजजोडणी, घरी करूच नयेत. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट व नीट अर्थिंग हवे, आणि घराच्या मंडलात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, असावा. नळाने येणारा गॅस घरात आला की सिलिंडरच्या शेगडीचे जेट बदलावे लागतात, ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करवून घ्यावे. गॅसवर चालणारा गिझर बंद न्हाणीघरात बसविण्यास तर कोणाच्याही सांगण्यावरून संमती देऊ नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसे दगावली आहेत.

आता दप्तराविषयी. एक साधी वही करावी, प्रत्येक यंत्राला एक पान द्यावे, त्यावर खरेदीची तारीख, मॉडेलचा क्रमांक, हमीची मुदत, प्रत्येक बिघाडाचे लक्षण, बदललेला भाग व दिलेली रक्कम नोंदवावी आणि पावती तेथेच टाचून ठेवावी. कारागीर आला की त्याच्यापुढे ती वही ठेवावी; निम्मे निदान तीच सांगते, आणि एकच भाग वर्षात दुसऱ्यांदा बदलण्याची शिफारस झाली तर तिचा जाब विचारता येतो. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यावर अनेक कंपन्यांच्या सुट्या भागांची व सेवा केंद्रांची माहिती मिळते, आणि हमीच्या काळात टाळाटाळ झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदविता येते. अशा वेळी तारखांनिशी लिहिलेली नोंद हाच खरा दस्तऐवज असतो.

जे यंत्र खरोखरच निकामी झाले, त्याची विल्हेवाटही विचारपूर्वक लावावी. कुदळवाडी-चिखली परिसरातील भंगाराच्या गोदामांना आजवर वारंवार आगी लागल्या आहेत, आणि शीतकपाट किंवा वातानुकूलन यंत्र हातोड्याने फोडले की त्यातला वायू हवेत जातो. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी अशी यंत्रे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून जुन्याची वजावट देणाऱ्या दुकानदाराला ते यंत्र पुढे कोणाकडे जाते हे विचारावे, आणि ज्याला अशा केंद्राचे नाव सांगता येते, त्याची वजावट थोडी कमी असली तरी यंत्र त्याच्याच हवाली करावे.