क्लोननंतर लिनक्स सुरू होत नसेल तर

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुना कॉम्प्युटर असतो. विंडोज जड होऊ लागल्यावर मुलांनी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालून दिलेले असते. त्यातच घरचे फोटो, स्मरणिकेचे लेख, हिशेब असा सगळा ऐवज साठतो. जुनी हार्ड डिस्क कुरकुरू लागली की तिची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, नव्या एसएसडीवर करतात. पण प्रत पूर्ण होऊनही कधी कधी कॉम्प्युटर सुरू होत नाही. अशा वेळी घाईने नवे लिनक्स टाकू नये. बहुतेक वेळा माहिती जागेवरच असते. फक्त पत्ता चुकलेला असतो.

डिस्कच्या प्रत्येक विभागाला 'यूयूआयडी' नावाचा क्रमांक असतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हा खाते क्रमांक. लिनक्स विभाग ओळखते ते यावरूनच.

१. दोन्ही डिस्क जोडलेल्या असणे. संपूर्ण डिस्कचा क्लोन केला की दोन्हींवर एकच क्रमांक येतो. मग आपण नव्या डिस्कवर काम करतो असे वाटते आणि फाइली जुनीवर जातात. म्हणून क्लोन होताच कॉम्प्युटर बंद करून जुनी डिस्क काढून ठेवावी.

२. क्रमांक बदलणे. नवे विभाग पाडून नुसत्या फाइली कॉपी केल्या असतील तर क्रमांक नवे असतात. पण 'ईटीसी' फोल्डरातील 'एफएसटॅब' या यादीत जुनेच राहतात. लक्षणांवरून विभाग ओळखता येतो. दीड मिनिट थांबून मग सुरू झाले, तर बहुधा स्वॅपचा क्रमांक चुकला आहे. 'इमर्जन्सी मोड' आला, तर होमसारख्या एखाद्या विभागाचा. 'इनिट्रॅमएफएस' असे लिहून थांबले, तर मुख्य विभागच सापडलेला नाही.

उपाय असा: लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करावा. टर्मिनलमध्ये 'सुडो ब्लकआयडी' ही आज्ञा द्यावी (आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात). समोर येणारे क्रमांक नव्या डिस्कवरील एफएसटॅबशी एकेक करून ताडून पाहावेत. त्या फाइलची आधी प्रत ठेवावी, मगच दुरुस्ती करावी.

३. ग्रब नसणे. 'बूट करण्याजोगी डिस्क नाही' असा संदेश आला, तर लिनक्स सुरू करून देणारा ग्रब प्रोग्राम नव्या डिस्कवर आलेला नाही, किंवा मदरबोर्डला त्याची नवी जागा ठाऊक नाही. जुन्या बायोस पद्धतीत ग्रबची सुरुवात डिस्कच्या अगदी पहिल्या भागात असते. नुसते विभाग कॉपी केले तर ती मागेच राहते. पेनड्राइव्हवरून नवी डिस्क माउंट करून, 'सीएचरूट'ने तिच्या आत जाऊन 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' या आज्ञा द्याव्यात. मुख्य विभागाचा क्रमांक बदलला असेल तेव्हाही 'अपडेट-ग्रब' लागतेच.

नवी डिस्क मोठी असूनही जागा तेवढीच दिसली तर घाबरू नये. उरलेली जागा मोकळी पडून असते. पेनड्राइव्हवरील 'जीपार्टेड'ने विभाग वाढवता येतो.

सगळे सुरळीत झाल्यावरही जुनी डिस्क लगेच पुसू नये. फोटो उघडतात का, हिशेबाच्या फाइली पूर्ण आहेत का, हे पाहावे आणि महिनाभर नव्या डिस्कवर काम करावे. ताळा जुळल्याशिवाय जुनी खातेवही रद्दीत घालायची नसते.