मोठ्या मॅच मारल्या, तरी लीग हुकली

परवा मॅच बघताना शेजारचा पोरगा छातीठोकपणे म्हणाला, "दादा, जो मोठ्या मॅच मारतो तोच लीग जिंकतो." मी त्याच्यापुढे प्रीमियर लीगचा 2023-24 चा सीझन ठेवला.

पहिल्या तिघांच्या, म्हणजे मँचेस्टर सिटी, आर्सेनल आणि लिव्हरपूलच्या, आपसातल्या मॅच तेवढ्या वेगळ्या काढा. आर्सेनलने सिटीला घरी 1-0 हरवलं, त्यांच्याकडे जाऊन 0-0 केलं. लिव्हरपूलला 3-1 हरवलं, त्यांच्या अ‍ॅनफिल्डवर 1-1. 12 पैकी 8 पॉइंट!

सिटी? तीन ड्रॉ, एक हार. 12 पैकी 3.

तरी चॅम्पियन सिटीच, 91 विरुद्ध 89.

आर्सेनल घसरली ती फुलहॅम, वेस्ट हॅमपुढे, आणि अ‍ॅस्टन व्हिलाकडून तर दोनदा हरली. सिटीने मात्र त्या 0-0 नंतरच्या नऊच्या नऊ मॅच काढल्या. ल्यूटनसारख्या कमकुवत टीमला हरवा नाहीतर लिव्हरपूलला, पॉइंट तीनच.

म्हणून काही पोरगा अगदीच चुकीचा नाही हं. आदल्या सीझनला सिटीने आर्सेनलला 3-1 आणि 4-1 असं दोन्हीदा धुतलं आणि लीग पाच पॉइंटांनी घेतली. थेट स्पर्धकाला हरवलं की तुमचे तीन वाढतात, समोरच्याचे तीन बुडतात.

सगळ्यात जिव्हारी लागणारा सीझन 2018-19. लिव्हरपूल 97 पॉइंट, अख्ख्या सीझनमध्ये एकच हार, तीही सिटीकडून 2-1. त्या मॅचमध्ये सिटीच्या स्टोन्सने बॉल गोललाइनवरून काढला तेव्हा गोल व्हायला जेमतेम सेंटीमीटरभर बाकी होतं. सिटी 98.

तुमच्या टीमचा कुठला सीझन असा मांडून बघायचा? कमेंटमध्ये सांगा.