खालची चोच लांब

चोच म्हटली की वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा लांब, नाहीतर दोन्ही सारखे. पाणचिऱ्याचं सगळं उफराटं: खालची चोच लांब, वरची आखूड. जगात त्याच्या तीनच जाती. एक आपल्याकडे चंबळ नदीच्या वाळूत अंडी घालते, दुसरी आफ्रिकेतली आणि तिसरी अमेरिकेतला काळा पाणचिरा.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर निकरसन बीच आहे. उन्हाळ्यात तिथे अंघोळीला आलेल्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर, दोरी बांधून राखलेल्या वाळूत याची वसाहत बसते. घरटं कसलं? वाळूवर पोट टेकायचं, पायांनी वाळू मागे उडवायची, झाला खळगा. ना काडी, ना गवत. त्यात तीन-चार ठिपकेदार अंडी. शेजार मात्र हुशारीने निवडलेला, तापट सुरय पक्ष्यांचा! कोणी जवळ फिरकलं की ते थेट डोक्यावर झेपावतात. पाणचिऱ्याला फुकटचा पहारा.

खरी गंमत दिवेलागणीनंतर. पक्षी पाण्याला लागून, तोंड उघडं ठेवून उडतो. खालची चोच बाजूंनी इतकी चपटी, की समोरून पाहिली तर सुरीची धारच. ती पाणी चिरत जाते. मासा लागला रे लागला की मान खाली झुकते आणि वरची चोच फट्कन मिटते. सगळं काम स्पर्शावर, म्हणून काळोखातही शिकार होते. दिवसा पांढऱ्या वाळूवरच्या झगझगीत उन्हात मात्र त्याच्या डोळ्याची बाहुली आवळून उभी फट होते. बाकी बहुतेक पक्ष्यांची गोलच राहते.

आणि पिल्लू? जन्मतः त्याच्या दोन्ही चोची सारख्याच! आईबापांनी वाळूवर टाकलेला मासा लांब खालच्या चोचीने उचलणार कसा? खालची पुढे सरकते ती उडायचे दिवस जवळ येतात तेव्हा.

एवढी कारागिरी, पण अंडी उघड्यावर. भर दुपारी कुत्रा किंवा माणूस आत शिरला की अख्खा थवा भुंकल्यासारखा ओरडत उठतो आणि सावली गेलेली अंडी तापल्या वाळूत भाजून निघतात. शेजारच्या न्यू जर्सीत हा पक्षी राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. तिकडच्या मराठी मंडळींनी जून-जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी दुर्बीण घेऊन निकरसन बीचवर जरूर जावं. कुत्रा घरी ठेवावा आणि दोरीबाहेरूनच पाहावं.