जबडा तासला की झालं?

“जबडा तासून घ्यायचा, म्हणजे चेहरा बायकी होईल.” चेहरा स्त्रीसारखा करण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला की गाडी हटकून या वाक्यावर येते. ट्रान्सजेंडर स्त्रिया हे म्हणतात, त्यांच्या मैत्रिणी म्हणतात, मन घट्ट करून सोबत आलेली आई म्हणते. आधीचा-नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून जाहिरात करणारे काही डॉक्टरही हेच सुचवतात. वर पुरवणी असतेच: जितका जास्त तासाल तितका चेहरा नाजूक. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदा नीट उलगडून सांगतो.

मुळात ही शाखा जबड्यापासून सुरूच झाली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोतले डग्लस ऑस्टरहाउट हे कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांचे शल्यविशारद या कामाकडे वळले, ते एका ट्रान्स स्त्रीच्या निमित्ताने. स्त्री-पुरुषांच्या कवट्या नेमक्या कशात वेगळ्या असतात हे समजून घ्यायला त्यांनी मानववंशशास्त्राचा आणि जुन्या कवट्यांच्या संग्रहाचा आधार घेतला. १९८७ साली त्यांचा जो शोधनिबंध गाजला, तो कपाळाबद्दल होता. भुवयांवरचा हाडाचा उंचवटा आणि त्यामागची पोकळी यांचं काय करायचं, हा त्याचा विषय.

“ते जुनं झालं” असं कोणी म्हणेल. मग २०११ सालचा ‘लॅरिंगोस्कोप’ या नियतकालिकातला जेफ्री स्पीगल यांचा अभ्यास बघा. त्यांनी पुरुषांच्या छायाचित्रांत चेहऱ्याचे वेगवेगळे भाग संगणकावर बदलले आणि लोकांना दाखवले. सर्वांत मोठा फरक पडला तो कपाळ बदलल्यावर. जबडा बिनमहत्त्वाचा असतो, असा याचा अर्थ नाही. ब्राउन आणि पेरेट यांच्या १९९३ च्या प्रयोगात भुवया-डोळ्यांचा पट्टा आणि जबडा, दोन्हींवरून लोक स्त्री की पुरुष हे ओळखत होते. पण कपाळाकडे ढुंकूनही न बघता सगळे पैसे जबड्यावर घालणं हा बहुतेकींच्या बाबतीत उलटा हिशेब आहे.

आता जबड्याकडेच येऊ. ‘जबड्याची सर्जरी’ या एका नावाखाली तीन निरनिराळी ऑपरेशनं खपवली जातात. पहिलं म्हणजे कानाखालचा जबड्याचा कोन कमी करणं. दुसरं हनुवटीचं. तिसरं म्हणजे अख्खा जबडा कापून पुढे, मागे किंवा वर सरकवणं. यातलं तिसरं दातांची ठेवण आणि चावा यांच्याशी जोडलेलं असतं. त्यासाठी अनेकदा आधी महिनोन् महिने तारा लावाव्या लागतात. चावा व्यवस्थित असलेल्या बाईला केवळ चेहरा बारीक दिसावा म्हणून याची सहसा गरज नसते. उलट खालचा जबडा खरोखरच पुढे आलेला असेल, तर नुसतं तासून तो मागे जाणार नाही. कन्सल्टेशनला जाऊन “जबडा करायचाय” एवढंच सांगणारीला यातलं नेमकं काय होणार आहे, हे बरेचदा शेवटपर्यंत कळत नाही.

आरशासमोर उभं राहिलं की हात कानाखालच्या कोनाकडे जातो. तिथे बोटं ठेवून दात घट्ट आवळा. बोटांखाली जे टरारून वर येतं ते हाड नव्हे, तो चावण्याचा स्नायू. चेहरा खाली रुंद दिसतो त्यात या स्नायूचा वाटा किती आणि हाडाचा किती, हे आधी ठरवावं लागतं. स्नायू जाड असेल तर बोटॉक्सच्या इंजेक्शनने तो काही महिन्यांत बारीक होतो आणि परिणाम ओसरला की पुन्हा भरतो. हाडावर शस्त्र चालवण्याआधी एवढी खात्री करून घ्यायला काय हरकत आहे?

शल्यविशारदाची नजर मात्र कोनाआधी बऱ्याचदा हनुवटीवर जाते. पुरुषांची हनुवटी सरासरीने रुंद, चौकोनी आणि उंच असते. उंच म्हणजे खालच्या ओठापासून टोकापर्यंतचं अंतर जास्त. ती खालून तासली तर हाड कमी होतं, पण सुटा झालेला मांसल भाग खाली ओघळू शकतो. म्हणून बरेच जण हनुवटीचं हाड आडवं कापतात, मधली पट्टी काढतात, रुंदी कमी करायची असेल तर उभी पट्टीही काढतात आणि तुकडे टायटॅनियमच्या छोट्या प्लेटने जोडतात. हाडाला चिकटलेले स्नायू हाडासोबतच हलतात, त्यामुळे त्वचेला आधार राहतो.

“जितकं जास्त काढाल तितकं चांगलं” या पुरवणीचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती धोक्याची आहे. जबड्याचा ओपीजी, म्हणजे दातांच्या दवाखान्यात काढतात तो लांबट एक्स-रे, उजेडासमोर धरून बघा. दाढांच्या मुळांखालून दोन्ही बाजूंना एक काळसर नळी पुढे येताना दिसते आणि उपदाढांच्या खाली एका छिद्रापाशी संपते. त्या नळीतून जाणारी नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. छिद्रातून बाहेर पडण्याआधी ती थोडी खाली उतरते, म्हणून हनुवटी कापताना छिद्राच्या खाली साधारण ५ मिलिमीटर जागा सोडायची, असं शिकवलं जातं. कोणाची नळी खालच्या कडेपासून लांब असते, कोणाची अगदी जवळ. तेव्हा किती हाड काढता येईल हे तुमच्या मोबाइलमधला फोटो ठरवत नाही, ही नस ठरवते. ती ताणली गेली तर ओठ बधिर होतो. बहुतेकींना ही बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते, काहींची कायमची राहते. चहा पिताना तो ओठावरून ओघळतोय हे न कळणं म्हणजे काय, याची कल्पना ऑपरेशनच्या आधी केलेली बरी.

आणि नस वाचली तरी त्वचा आहेच. उशीतला कापूस काढला आणि अभ्रा तोच ठेवला की काय होतं? विशीत त्वचा आक्रसून घेते. चाळिशीनंतर हाड भरपूर काढलं तर गालाखालची कातडी लोंबते आणि मग फेसलिफ्टचा खर्च वेगळा. कोन फार वरपर्यंत कापला तर जबडा आणि मान यांच्यातली रेघच पुसली जाते, आणि तो चेहरा कोणाचाच वाटत नाही. समोरून रुंदी कमी करायची असेल तर कोन उडवण्याऐवजी हाडाचा बाहेरचा पापुद्रा काढण्याची पद्धतही आहे. तिचं नाव जाहिरातीत क्वचित दिसतं, कारण एक्स-रेमध्ये ती फारशी नाट्यमय वाटत नाही!

टोकदार ‘व्ही-लाइन’ चेहऱ्याचं वेड आलं कोरियातून. तिथे त्यासाठी ऑपरेशन करून घेणाऱ्या मुख्यतः जन्माने स्त्री असलेल्याच बायका असतात. ती एका देशाची सौंदर्याची फॅशन आहे. आपल्याकडे ठसठशीत जबड्याच्या बायका घरोघरी आहेत आणि त्यांना कोणी पुरुष म्हणत नाही.

चेहऱ्याच्या मधल्या भागाबद्दल तर समजांपेक्षा अज्ञानच जास्त. वरचा जबडा सुटा करून सरकवण्याच्या ऑपरेशनला ल फोर वन म्हणतात. रेने ल फोर या फ्रेंच डॉक्टरने हे ऑपरेशन शोधलेलं नाही. त्याने मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर फुटतात हे पाहिलं आणि १९०१ साली प्रसिद्ध केलं. त्यातल्याच एका रेषेवर आज हाड मुद्दाम कापलं जातं. हसताना हिरड्या फार दिसत असतील किंवा चावा बिघडलेला असेल, तर त्याचा उपयोग होतो. पण या ऑपरेशनने नाकपुड्या रुंदावू शकतात. म्हणजे नाजूक चेहऱ्यासाठी गेलात आणि नाक पसरून आलात, असं होऊ शकतं. त्यावर आत टाका घालून उपाय करतात, आणि नाकाचं ऑपरेशन करायचंच असेल तर ते सहसा यानंतर ठेवतात. गाल भरलेले दिसायला हवेत एवढंच असेल, तर पोटाची किंवा मांडीची चरबी गालात भरणं हा पुष्कळ साधा मार्ग आहे. त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं, हे धरूनच चालायचं.

बाकीचे समज झटपट. हार्मोन्स घेतले की जबडा लहान होतो? नाही. वयात येताना वाढलेलं हाड इस्ट्रोजेनने आटत नाही. त्वचा मऊ होते, चरबीची जागा बदलते, आणि म्हणून वर्षभर थांबून मग चेहरा जोखणं शहाणपणाचं. चेहऱ्यावर व्रण राहतात? जबड्याच्या ऑपरेशनचे छेद मुख्यतः तोंडाच्या आतून असतात. महिना-दीड महिना दात तारेने बांधून ठेवतात? हे बहुतांशी प्लेट-स्क्रूच्या आधीच्या काळातलं. आता मऊ जेवण आणि कधी रबरबँड. पंधरवड्यात निकाल दिसतो? पंधरवड्यात दिसते ती सूज, खरा आकार कळायला सहा महिने ते वर्ष. ऑपरेशनआधी हार्मोन्स आपणच बंद करायचे? अजिबात नाही, ते डॉक्टर ठरवतील. ऑपरेशनशिवाय कायदा स्त्री मानत नाही? लिंग जाहीर करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात स्पष्ट म्हटलं होतं; दाखल्याचे त्यानंतरचे नियम मात्र तपासून घ्या.

राहिला “हे सगळे कॉस्मेटिक चोचले” हा टोमणा. ट्रान्सजेंडर आरोग्याच्या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपॅथच्या, उपचार-मानकांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत चेहऱ्याच्या या शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांत मोडतात. आपल्याकडे ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ साली झालेल्या कायद्याच्या कलम १५ ने लिंगबदलाची शस्त्रक्रिया, हार्मोन्स आणि लेझर यांच्या विम्याची जबाबदारी सरकारवर टाकली. चेहऱ्याच्या हाडांचा त्यात उल्लेख नाही. मात्र लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेची आरोग्यपुस्तिका सरकारने डब्ल्यूपॅथच्या मार्गदर्शनानुसार काढावी, असं त्याच कलमात म्हटलं होतं. विमा कंपनीशी पत्रव्यवहार करताना डब्ल्यूपॅथचं आणि या कलमातलं अशी ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा.