दात झाकायचे की सरळ करायचे?



ऊस विकास विभागाच्या लेखात लागण, बेणे, खोडवा आणि खते यांविषयी वाचण्याची आपणास सवय आहे. या वेळी विषय थोडा निराळा आहे. हल्ली गटात फिरताना ठिबक आणि खोडव्याच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी होते. "साहेब, पोरीचे पुढचे दात जरा पुढं आहेत. लग्नाचं बघतोय. दातावर कवच बसवतात म्हणे, पंधरा दिवसांत काम होतं. बसवून टाकू का? का तार लावू?" कधी हा प्रश्न पंचविशीतल्या मुलीसाठी असतो, कधी नोकरीला लागलेल्या मुलासाठी, तर कधी चाळिशीतले सभासद स्वतःसाठीच विचारतात. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की चौकशी वाढते.

आम्ही काही दातांचे डॉक्टर नव्हे. परंतु खर्च होणारा पैसा उसाचा आहे, आणि या दोन उपायांपैकी एक असा आहे की तो केल्यावर मागे फिरता येत नाही. सबब जाणकार दंतवैद्यांकडून जे समजून घेतले ते आपल्यापुढे मांडत आहोत.

आधी कारण शोधा

उसाची पाने पिवळी पडली की काही मंडळी लगेच युरियाचे पोते फोडतात. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडून केवडा येतो, आणि मुळाशी पाणी साचले तरी पान पिवळेच पडते. पहिल्या ठिकाणी फवारणी लागते, दुसऱ्या ठिकाणी चर काढावा लागतो. दिसायला लक्षण एकच, पण उपाय वेगळा. दातांचेही तसेच आहे.

हसताना तोंडावर हात जातो, त्याची कारणे ढोबळमानाने तीन. एक, दात जागेवर नाहीत. म्हणजे पुढे आलेले, एकावर एक चढलेले किंवा मध्ये फटी असलेले. दोन, दात जागेवर आहेत, पण त्यांचा दर्शनी भाग बिघडला आहे. म्हणजे न निघणारे डाग, उडालेला टवका किंवा जन्मतः लहान आकार. तीन, दात मुळात चांगले आहेत, पण त्यावर कीटण चढले आहे आणि हिरड्या सुजल्या आहेत. पहिल्या कारणाला तार, दुसऱ्याला कवच आणि तिसऱ्याला नुसती सफाई, असा साधा हिशेब आहे.

कवच म्हणजे काय?

याला डॉक्टर मंडळी व्हेनिअर म्हणतात. चिनीमातीच्या जातीच्या पदार्थाची, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची पापुद्री तयार करून ती दाताच्या पुढच्या बाजूस कायम चिकटवतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९२८ च्या सुमारास सिनेनटांसाठी अशी कवचे केली, परंतु ती चित्रीकरणापुरती चिकटवून नंतर काढावी लागत. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरखरीत केल्यास त्यावर चिकटवलेला पदार्थ घट्ट धरतो, हे दाखवून दिले. त्यानंतर १९८० च्या दशकात चिनीमातीचे कवचही आतून तसेच खरखरीत करून दाताला पक्के चिकटवता येऊ लागले.

कवच बसले की दात जाड दिसू नये, म्हणून बहुतेक वेळा तेवढीच जागा दाताच्या आवरणातून तासून करावी लागते. दाताच्या या चकचकीत आवरणाला इनॅमल म्हणतात. ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे, पण एकदा गेले की पुन्हा येत नाही. तोडलेल्या उसाला खोडवा फुटतो. इनॅमलला फुटत नाही. म्हणजे एकदा तासलेल्या दातावर जन्मभर काही ना काही बसवत राहावे लागते. आमच्या मते या लेखातील एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

चिनीमातीचे कवच चांगली निगा राखल्यास साधारण १० ते १५ वर्षे टिकते. कॉम्पोझिट नावाच्या मसाल्याचे लेपन स्वस्त पडते. त्याला तासणे थोडे किंवा मुळीच लागत नाही, पण ते लवकर डागळते आणि त्याहून कमी टिकते. आता हिशेब करा. २२ वर्षांच्या मुलीने आठ दातांना कवचे बसवली, तर सत्तरीपर्यंत ती निदान तीन-चार वेळा बदलावी लागणार. आकारणी दर दातामागे असते आणि बदलण्याचा खर्च पुन्हा तेवढाच. पंधरा दिवसांत होणारे काम एकदाच्या खर्चात संपत नाही.

तार काय करते?

तार म्हणजे ब्रेसेस. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा पक्का नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. तारेने दाताला सतत हलका दाब दिला की ज्या बाजूस दात सरकतो तिकडचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूस नवे हाड भरत येते. असा दात हळूहळू नव्या जागी जातो. ही क्रिया जिवंत हाडाची असल्यामुळे घाई करून चालत नाही. मोठ्या माणसांत साधारण एक ते दोन वर्षे लागतात, कधी थोडी जास्त. दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावे लागते, आणि तार घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात.

"आता वय झालं, हाड पक्कं झालं, तार कशी चालेल?" असे अनेक जण म्हणतात. हा समज बरोबर नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर चाळिशीत काय, पन्नाशीतही दात सरकतात. मात्र जबडाच मागेपुढे असेल तर मोठ्या वयात नुसत्या तारेने भागत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. काहींना जागा करण्यासाठी बाजूचे दात काढावे लागतात. ते आधी एक्स-रे आणि दातांचा साचा पाहून ठरते.

तारेलाही तोटे आहेत. स्वच्छता न ठेवल्यास चकत्यांभोवती पांढरे डाग पडतात आणि कीड लागते. काहींच्या दातांची मुळे टोकाला थोडी आखूड होतात. तार काढल्यावर दात जुन्या जागी परतू पाहतात. म्हणून रिटेनर नावाचा साचा डॉक्टर सांगतील तितकी वर्षे, बहुधा रात्रीचा, वापरावा लागतो. तो टाळला तर सगळा खर्च पाण्यात. तार दिसू नये म्हणून दातांच्या रंगाच्या चकत्या किंवा पारदर्शक साचेही मिळतात. हे साचे दिवसातून २० ते २२ तास घालावे लागतात. कपाटात ठेवून दात सरळ होत नाहीत.

कवच केव्हा योग्य?

कवच वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. योग्य जागी तो उत्तम उपाय आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. लहानपणी, दात हिरडीच्या आत घडत असतानाच हे डाग पडतात आणि घासून जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरी सोय नसल्यास फार तर १.५ मिलिग्रॅम चालते, असे भारतीय मानक आहे. अशा दातांना तार लावून काय होणार? डाग सरळ रांगेत येतील एवढेच. तेथे सौम्य डागांवर साधे उपचार आणि गडद डागांवर कवच, हाच मार्ग. अपघातात टवका उडालेल्या दातालाही लेपन किंवा कवच शोभते.

उलट, दात पुढे आलेले असताना ते आत दिसावेत म्हणून खूप तासून कवच बसवणे म्हणजे वाकड्या भिंतीचा बाक गिलाव्याने काढणे होय. तासणे इनॅमलच्या पलीकडे गेले तर दात कळा मारतो, कवचाची पकड कमी होते, कधी मुळाचा उपचार करण्याची पाळी येते. थोडी वाकडी ठेवण आणि एखादा खराब दात असे दोन्ही असेल, तर आधी तार आणि शेवटी त्या एकाच दाताला कवच, हा मार्ग दात वाचवणारा आहे.

मिश्री, ऊस आणि साखर

आपल्या भागात मिश्री लावणारी माणसे पुष्कळ. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात काळे पडतात, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सुजलेल्या हिरडीवर कवच नको आणि तारही नको; आधी मिश्री बंद आणि दातांची सफाई. सफाईने दात हलतात हा गैरसमज आहे. मुळात हिरडी व हाड झिजून हलू लागलेला दात कीटणाने धरून ठेवलेला असतो, ते निघाल्यावर हलणे जाणवते इतकेच. अनेकांना सफाईनंतर कवच किंवा तार यांची गरजच वाटत नाही.

कवच असो वा तार, ऊस दाताने सोलून खाणे बंद. कवचाचा टवका उडतो, तारेच्या चकत्या निघतात. भाजलेले चणे, कडक पेरू, हाडे यांचेही तेच. आणखी एक गोष्ट साखर कारखान्याच्या पत्रिकेत सांगताना आम्हाला संकोच नाही. साखर आपली लक्ष्मी असली तरी तारेत अडकलेली साखर दाताची वैरीण आहे. गोड खाल्ले, रस प्यालात, की चूळ भरा आणि ब्रश करा.

कोठे जावे, काय विचारावे?

तारेसाठी बी.डी.एस. नंतर याच विषयात एम.डी.एस. केलेले तज्ज्ञ पाहावेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. साखर कारखानदारीच्या परिसरातही लोणी, कराड, वारणा भागातील नवे पारगाव अशा ठिकाणी दंत महाविद्यालये उभी राहिली आहेत. महाविद्यालयात वेळ अधिक लागतो, पण खाजगीपेक्षा खर्च बहुधा कमी येतो. बाजारात बसून मसाल्याने दात चिकटवून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माझा दोष जागेचा आहे की दर्शनी भागाचा? किती इनॅमल तासणार? कवच निघाले किंवा फुटले तर पुढे खर्च किती? दात न तासता होणारा दुसरा उपाय आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

लग्नाची तारीख जवळ आली म्हणून निरोगी दात तासून घेण्याची घाई कोणी करू नये. मुलीला दोन वर्षे तार लावावी लागली तर लावावी. तारेसह बघण्याचा कार्यक्रम झाला म्हणून काही बिघडत नाही. तिचे दात तिला पुढे पन्नास वर्षे वापरायचे आहेत. निर्णय तिला विचारून, तिच्यासमोर डॉक्टरांशी बोलून घ्यावा, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी