खाज थांबली, नायटा मात्र पसरला

पावसाळ्याच्या अखेरीस आदिलाबाद जिल्ह्यातील कापसाच्या शिवारात राबणाऱ्या अनेकांच्या जांघेत, कमरेवर व काखेत लालसर गोल चट्टे उठतात. घाम, दिवसभर अंगावर राहिलेले ओले कपडे आणि घरात सर्वांनी मिळून वापरलेला पंचा यांची ही देणगी होय. मराठीत त्यास नायटा किंवा गजकर्ण म्हणतात. तेलुगूत 'तामर' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कमळ असा आहे. नाव कमळाचे असले तरी रोग बुरशीचा. पुष्कळांचा पहिला उपाय मात्र औषध दुकानातून चिठ्ठीविना आणलेली एखादी नळी हाच असतो, आणि त्या नळीत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइडही असण्याची शक्यता मोठी असते.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. अमेरिकेतील मॅरियन सल्झबर्गर व व्हिक्टर विटन यांनी 1952 मध्ये हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमाचा त्वचारोगांवरील उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून इसब, सोरायसिस, साबण वा सिमेंटमुळे उठणारे चट्टे अशा विकारांत त्याच्याइतके भरवशाचे लेपन दुसरे क्वचितच सापडते. या विकारांत शरीराची संरक्षणयंत्रणा विनाकारण खवळलेली असते. स्टेरॉइड तिला शांत करते, सूज उतरते, खाज थांबते.

नायट्यात स्थिती नेमकी उलट असते. तेथील लाली व खाज म्हणजे शरीराने बुरशीशी मांडलेले भांडण. स्टेरॉइड लावताच भांडण थांबते, खाज दोन-तीन दिवसांत जाते, आणि रुग्ण मलमाचे गुण गाऊ लागतो. राखणदार झोपला, चोर मात्र घरातच आहे. मलम बंद करताच चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परततो, म्हणून पुन्हा तीच नळी. गोल कडा पुसट झाल्याने कित्येकदा डॉक्टरलाही रोग ओळखता येत नाही. या वेषांतरित नायट्यास वैद्यकात 'टिनिया इन्कॉग्निटो' असे नाव आहे. भारतात अलीकडे पसरलेल्या, नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधालाही अनेकदा न जुमानणाऱ्या 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' या बुरशीने प्रश्न आणखी अवघड केला आहे.

चेहऱ्याची कथा वेगळी. गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी हीच मलमे लावली जातात. देशभरातील 12 त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील 433 जण, म्हणजे सुमारे 15 टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्वचा पातळ होणे, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागणे, उन्हात आग होणे, मुरूम व लव वाढणे हे त्याचे परिणाम. मलम सोडले की चेहरा भडकतो, म्हणून सोडवतही नाही. केंद्र सरकारने 2018 मध्ये लेपनाच्या 14 स्टेरॉइडांना चिठ्ठीच्या अटीतून असलेली सूट काढून घेतली. दुकानाच्या फळीपर्यंत तो नियम पुरता पोहोचलेला दिसत नाही.

मलम कोठे लावले यावर परिणाम ठरतो. 1967 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात हातावरील त्वचेच्या तुलनेत कपाळातून हायड्रोकॉर्टिसोन 6 पट, जबड्याच्या कोनातून 13 पट, तर वृषणाच्या त्वचेतून तब्बल 42 पट शोषले गेले. तळपायातून जेमतेम सातवा हिस्सा. तळव्याच्या इसबासाठी दिलेले क्लोबेटासोल जांघेत वा पापणीवर का लावू नये, याचे उत्तर या आकड्यांत आहे. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालीही शोषण वाढते.

योग्य निदान झाल्यावर मात्र भिऊन औषध टाळणे हेही चूकच. स्टेरॉइडच्या नावाने धसका घेतलेले पालक इसब असलेल्या मुलाला रात्र-रात्र खाजवू देतात, त्यातून जखमा होतात व पू धरतो. मात्रा मोजण्याची रीत सोपी आहे: प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि ती बोटांसह दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. लेप पातळ हवा, केवळ दाह असलेल्या जागी हवा, बहुधा दिवसातून एकदा वा दोनदा. क्लोबेटासोलसारखे अतितीव्र मलम डॉक्टरांच्या देखरेखीविना दोन आठवड्यांपलीकडे नेऊ नये, आणि दीर्घकाळ वापरलेले मलम एकाएकी न सोडता त्यांच्याच सल्ल्याने कमी करावे.

आदिलाबाद शहरात राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे रिम्सचे, शासकीय रुग्णालय आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोठेही गेले तरी आजवर लावलेल्या साऱ्या नळ्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात. नायटा असल्यास घरातील इतर खाजणाऱ्या मंडळींनाही सोबत नेणे बरे, कारण एकट्याने उपचार घेतले तर रोग पुन्हा त्याच पंचातून परत येतो.